फळीवरचं मीठ

जो माणूस बावीस वर्षं माझ्या प्रत्येक भाजीला मिठावरून नावं ठेवत आला, तो एके दिवशी गप्प जेवून उठला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

गप्प म्हणजे अगदी गप्प. पहिला घास घेऊन भुवई वर नाही, "आज हात सैल पडला वाटतं" नाही, "मिठाचा डबा हरवलाय का?" नाही. ताट चाटूनपुसून साफ केलं, पाणी प्यायले आणि वर म्हणाले, "छान झालं होतं." मी हातातला डाव तसाच धरून उभी राहिले. लग्न झाल्यापासून ह्या माणसाच्या तोंडून "छान" हा शब्द मी दोनदा ऐकला होता, आणि दोन्ही वेळा जेवण माझ्या वहिनीनं केलेलं होतं.

आमचे हे धक्क्यांवर कार्पेट बसवतात. धक्के म्हणजे दगडी नव्हेत, पाण्यावर तरंगणारे. खाली पोकळ प्लास्टिकचे डबे, वर लाकडी फळ्या, आणि फळ्यांवर जाड खरखरीत कार्पेट, म्हणजे बोटीत चढता-उतरताना ओल्या पायानं कुणी घसरू नये. भरती आली की अख्खा धक्का वर येतो, ओहोटीला खाली जातो. पाणी खारं, वारं खारं, डोक्यावर ऊन. चार-पाच वर्षांत कार्पेटचे धागे सुतळीसारखे कडक होतात, कडा उचलतात, खाली शेवाळ धरतं. मग ते फाडून काढायचं, जुना गोंद खरवडायचा, फळ्या गोड्या पाण्यानं धुवायच्या, वाळवायच्या आणि नवीन बसवायचं. माझाही त्यात हात आहे. धक्क्यावर ठरावीक अंतरावर झाकणं असतात, खालचे पाइप आणि वायरी बघायला. त्या झाकणांवरचे चौकोनी तुकडे मी घरी मशीनवर कडा मारून देते. तेव्हा ह्यांच्या कामातलं मला काही कळत नाही असं कुणी म्हणू नये.

ह्या कामातली मेख एकच. फळीत मीठ राहिलं तर ते हवेतलं पाणी ओढत राहतं. वरून फळी वाळलेली दिसते, आतून दमट. अशा फळीवर गोंद थोडे दिवस धरतो आणि मग कार्पेटला फुगे येतात. फुग्यात पाय अडकला की माणूस सरळ पाण्यात. म्हणून हे धुऊन वाळवलेल्या फळीवर ओलं बोट घासायचे आणि जिभेला लावायचे. खारट लागलं की पुन्हा धुवायचं, मग कुणी कितीही घाई करो. बाकीचे लोक त्याला यंत्र वापरतात म्हणे. ह्यांचं यंत्र तोंडात होतं, आणि त्याचा जाच दोन्ही वेळच्या जेवणाला मला.

तर असा माणूस "छान" म्हणाला. थंडीत तीन आठवडे तापानं अंथरुणाला खिळले होते, म्हणून आधी मी मनाची समजूत घातली की अशक्तपणा असेल, भांडायला बळ नसेल. पण बळ आलं, कामाला जायला लागले, बंदराच्या साहेबांकडून फेरीबोटीच्या धक्क्याचं मोठं काम मिळवलं, तरी जेवणाला नाव नाही. महिना झाला, दोन महिने झाले. उलट कौतुक वाढतच चाललं. नवरा विनाकारण कौतुक करायला लागला की बाईनं काय समजायचं, हे मला कुणी शिकवायला नको.

मी परीक्षा घ्यायची ठरवली. एका सुट्टीच्या दुपारी भाजीत मुद्दाम दुप्पट मीठ टाकलं. स्वतः चाखली तर ठसका लागला. ती ह्यांच्या ताटात वाढली आणि समोर बसून राहिले. हे जेवले, मन लावून जेवले.

"आणखी वाढू?" मी विचारलं, तर ताट पुढे केलं!

"कशी झालीय?"

"छान. नेहमीसारखी."

नेहमीसारखी म्हणे! असली भाजी जो माणूस तोंड वाकडं न करता गिळतो, त्याच्या मनात केवढा चोर बसला असेल, तुम्हीच सांगा. माझ्याशी वाद घालायला ह्यांना तोंड राहिलेलं नाही, असं मी पक्कं धरलं.

मग मी डोळ्यांत तेल घालून बसले. धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात लवंगा निघाल्या, एक-दोन नाही, मूठभर. दुसऱ्या खिशात अर्धं लिंबू, कागदात गुंडाळलेलं, चोखून चोखून सुकलेलं. लिंबाचं कोडं मला सुटेना, पण त्या लवंगांनी माझी झोप उडवली. कुणाच्या जवळ जायचं नसेल तर पन्नाशीतला माणूस तोंडात लवंगा कशाला धरेल?

"लवंगा कशाला हो?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"दात दुखतो."

"कुठला?"

ह्यांनी उजव्या गालाला हात लावला. तीन दिवसांनी मी पुन्हा विचारलं, "दात बरा आहे का?" तर म्हणाले, "हो, हो," आणि डाव्या गालाला हात लावला. मी ताटं उचलून आत गेले. पण कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की झालं.

पाणी कुठे मुरतंय ते माझ्या धाकट्या जावेनं सांगितलं. ती पलीकडच्या किनाऱ्यावर एका कचेरीत कामाला जाते, रोज सकाळी त्याच फेरीबोटीनं. रविवारी आली ती दारातच घुटमळली.

"वहिनी, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"आधी सांग, मग रागवायचं की नाही ते मी बघते."

"परवा दादांना बघितलं मी धक्क्यावर. कॅन्टीनवाल्या बाईबरोबर. दोघं उकिडवे बसले होते. दादांनी तिला बोट फळीवर फिरवायला लावलं, तिनं ते तोंडात घातलं, मान हलवली, आणि मग दोघं हसले."

"हसले?"

"दादा तर अगदी खुलले होते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या कुणा बाईला त्यातलं काही कळलं नसतं, मला सगळं कळलं. हे तिला मीठ बघायला शिकवत होते! जी गोष्ट बावीस वर्षांत मला शिकवली नाही ती! सुरुवातीला मी मागे लागले होते, मलाही दाखवा म्हणून, तर म्हणाले होते, "तुला भाजीतलं मीठ कळत नाही, फळीतलं काय कळणार?" आणि आता ही कोण कुठली महाराणी, तिला जवळ बसवून शिकवणी चाललीय!

जाऊ म्हणाली, "वहिनी, तसं काही नसेलही."

"मग सांगायला कशाला आलीस?"

बिचारी चहा न पिताच गेली. मी कपाटावरची बॅग खाली काढली, पुसली, दोन साड्या आत टाकल्या. खरं असेल तर भावाकडे निघून जायचं, एक दिवससुद्धा राहायचं नाही, असं ठरवलं. ठरवलं खरं, पण एक साडी मी पुन्हा बाहेर काढून ठेवली. ज्या माणसाशिवाय मला दुपारचा चहा जात नाही त्याला सोडून मी भावाच्या घरी काय करणार होते? वहिनीचं कौतुक ऐकणार होते?

सोमवारी सकाळी झाकणांचे तुकडे तयार होते. एरवी हे स्वतः घेऊन जातात. मी ते बांधले, काखेत मारले आणि न सांगता धक्क्यावर गेले.

फेरीबोटीच्या धक्क्याला मधे एक लांब रस्ता आणि त्याला चार फाटे, हाताला बोटं असतात तसे. दोन फाट्यांचं कार्पेट बसवून झालं होतं, तिसऱ्याचं मागच्याच आठवड्यात लावलं होतं, चौथा अजून उघडाच होता. रस्त्याच्या तोंडाशी कॅन्टीनची टपरी, पण आत कुणी नव्हतं. स्टोव्हवर किटली एकटीच फणफणत होती. मी पहिल्या फाट्यावर पाय ठेवला. राखाडी कार्पेट, नवं कोरं, शिवण अशी जुळलेली की बोटानंही सापडू नये. तेवढ्या रागातही मला वाटलं, जादू आहे बुवा ह्या माणसाच्या हातात. दोन पावलं पुढे झाकणाजवळ पायाखाली काहीतरी मऊ लागलं. मी पाऊल दाबलं. ते खाली गेलं आणि पुन्हा वर आलं. पण तेव्हा माझं लक्ष पायाकडे नव्हतं.

पलीकडे चौथ्या फाट्यावर दोघं होते, मी वळून तिकडे गेले. माझ्याकडे पाठ. हे गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेले आणि ती बाई खाली बसलेली. तिनं फळीवर बोट घासलं, तोंडात घातलं, जरा थांबली. ह्यांनी श्वास धरला होता, ते मला मागून खांद्यांवरून कळलं. मग तिनं मान हलवली, नाही. आणि आमचे हे असे हसले, असे हसले, की तापातून उठल्यापासून घरात एकदाही तसे हसले नव्हते.

मी काखेतलं गाठोडं फळीवर आपटलं.

"हसा! थांबलात का? माझ्यासमोरही हसा की!"

हे वळले. चेहरा पांढराफटक. चोरी पकडल्यावर माणूस जसा दिसतो अगदी तसा, मला वेगळा पुरावा लागलाच नाही. ती बाई मात्र गुडघ्यांवर हात दाबत सावकाश उठली. मी मनात जिला जाळत होते ती तिशीतली, लांब वेणीची. ही माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, पदराला चहाचे डाग. आणि मला बघून तिला चक्क आनंद झाला!

"अगंबाई, तुम्ही त्यांच्या मिसेस ना? देवासारख्या आलात! आता तुम्हीच हे बघत जा. माझी किटली रोज करपते हो."

"मी काय बघत जाऊ?"

"हेच, मीठ. ह्यांची जीभ गेलीय ना!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पाण्याकडे बघत होते.

"जीभ गेलीय म्हणजे?"

आता त्या बाईचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे तुम्हाला...? अहो, तापानंतर ह्यांना चव लागत नाही. गोड नाही, तिखट नाही, काही नाही. ह्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

लवंगा. लिंबू. दुप्पट मिठाची भाजी. सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं आणि मला अक्षरशः हसू फुटलं. लाज सोडून, भर धक्क्यावर, मी हसत सुटले. संसार वाचला होता माझा! हा माणूस चव हरवून बसला होता आणि मी बाई शोधत होते. मला इतकं हलकं वाटलं की त्या कॅन्टीनवालीला मिठी मारावीशी वाटली.

"अहो, मग सांगायचं नाही का?" मी म्हटलं. "मी तुमची परीक्षा घेत बसले! सरका, बघू द्या मला."

आणि मी खाली बसले, बोट जिभेनं ओलं केलं, फळीवर घासलं आणि तोंडात घातलं.

खारट. जरासं नाही, चांगलं चरचरीत खारट. मला वाटलं माझ्या बोटाचंच असेल, प्रवासात घाम आला असेल. पिशवीतल्या बाटलीतल्या पाण्यानं बोट धुतलं, पदराला पुसलं, दुसऱ्या फळीवर घासलं. तेच. तिसऱ्या फळीवर तेच.

"हे खारट आहे," मी म्हटलं.

मी त्या बाईकडे बघितलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तुम्ही तर आत्ता नाही म्हणालात," मी म्हटलं.

"म्हणाले."

"का?"

"मी रोजच म्हणते." तिचा आवाज खाली गेला. "पहिल्या दिवशी हो म्हटलं होतं. त्यांनी सगळं पुन्हा धुतलं. दुसऱ्या दिवशी हो म्हटलं, पुन्हा धुतलं. एकटा माणूस, पाइप ओढतोय, गुडघे टेकून घासतोय, आणि मग माझ्याकडे बघत उभा राहतो. अहो, तो चेहरा बघवत नाही हो. तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून हो निघालंच नाही."

"तिन्ही फाटे तसेच?"

तिनं मान डोलावली. मला पहिल्या फाट्यावरचं ते मऊ पाऊल आठवलं. म्हणजे फुगे यायला लागलेच होते. रोज शेकडो माणसं त्यावरून बोटीत चढणार. म्हातारे, कडेवर मूल घेतलेल्या बाया, माझी जाऊ.

मी ह्यांच्याकडे वळले. मला राग यायला हवा होता त्या बाईचा, पण तो ह्यांचाच आला. "अहो, तुम्ही काय खुळे आहात? घरात मी असताना परक्या बाईला कशाला विचारायचं? मला का नाही आणलंत? का, अजून माझ्या जिभेवर भरवसा नाही?"

हे नखानं फळीवरचा जुना गोंद खरवडत राहिले. लाटेनं धक्का जरा वर उचलला, खाली गेला.

"बोला ना! दातखीळ बसली का?"

"तू खरं सांगितलं असतंस," हे म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. मला वाटलं माझं कौतुक चाललंय. मग हे खाली बसले, फळीवर, माझ्या शेजारी, आणि फळीकडेच बघत बोलले.

"ताई खोटं सांगतात हे मला कळत होतं. तीस वर्षं हे काम करतोय. चव गेली म्हणून अक्कल गेली नाही. एवढ्या सुजलेल्या फळ्या दोन धुण्यांत कोऱ्या होतात होय? पण त्या नाही म्हणायच्या आणि मला बरं वाटायचं. तुला आणलं असतं तर तू एकदा चाखून तोंडावर सांगितलं असतंस. धुवा म्हणाली असतीस. पुन्हा धुवा, पुन्हा धुवा. माझ्यात आता तेवढं बळ नाही गं. आणि तुला सांगायचं कुठल्या तोंडानं? बावीस वर्षं तुझ्या ताटावर बसून मी काय काय बोललो."

यंत्र का नाही आणलं, असं मी विचारणार होते. पण त्याचंही उत्तर मला कळून चुकलं होतं. यंत्रानंही खरंच सांगितलं असतं.

खरं सांगते, तिथं दुसरी बाई निघाली असती तर मला सोपं गेलं असतं. झिंज्या उपटल्या असत्या, बॅग उचलली असती, भावाकडे जाऊन रडले असते. पण माझा नवरा दमला होता, घाबरला होता, आणि जरा दया मागायला घराबाहेर गेला होता, कारण घरात ती मिळणार नाही अशी त्याची खात्री होती. मला फार वाईट वाटलं. असं वाईट वाटलं की काही वेळ मला पाणी, बोटी, ती बाई, काही दिसेना.

मग मी ह्यांच्या पेटीतली वाकडी सुरी घेतली आणि पहिल्या फाट्याकडे चालायला लागले.

"काय करतेस?" हे मागून धावत आले.

"बघते."

झाकणाजवळ कोपऱ्यात सुरी घातली, वर केली. चांगलं बसलेलं कार्पेट दोन माणसांना हलत नाही. हे माझ्या एका हाताला, अंथरुणावरची चादर निघावी तसं निघून आलं. खालची फळी काळी पडलेली आणि गोंद ओल्या पिठासारखा. ह्यांनी माझ्या हातातून सुरी घेतली आणि पलीकडची शिवण स्वतःच कापली. ती शिवण, जी बोटाला सापडत नव्हती.

"आधी साहेबांकडे जा," मी म्हटलं. "त्यांनी येऊन बघण्याआधी तुमच्या तोंडून ऐकू दे."

"तू चल."

"मी कशाला?"

"चल."

बंदराच्या साहेबांची खोली धक्क्याच्या वरच्या बाजूला. टेबलावर आकडा लावलेला एक ताणकाटा होता, कार्पेटच्या कडेत अडकवून ओढून बघायचा. ह्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ताप सांगितला, जीभ सांगितली, तिन्ही फाटे फाडतोय हे सांगितलं. फक्त कॅन्टीनवालीचं नाव काढलं नाही. साहेबांनी चष्मा काढला, लावला.

"फुगे सापडले असते तर मी आजच तुमचं नाव यादीतून काढलं असतं," ते म्हणाले. "तुम्ही आपण होऊन आलात म्हणून पुढच्या शनिवारपर्यंत देतो. चारही फाटे पक्के हवेत, मी स्वतः ओढून बघणार. एक दिवस उशीर झाला तरी नाव गेलं, मग मला काही सांगू नका. आणि आता मीठ कोण बघणार?"

"ही बघेल."

"ह्यांना कळतं त्यातलं?"

हे म्हणाले, "कळायचं काय त्यात, साहेब? ही खोटं बोलत नाही, तेवढं पुरे."

दोन तासांपूर्वी ह्याच कारणासाठी हा माणूस मला टाळत होता! मला त्याला तिथंच झापावंसं वाटलं आणि तिथंच रडावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही, साहेब समोर होते.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते आम्हालाच माहीत. फाडलं, खरवडलं, धुतलं. मी घरी येऊन मशीनवर नवे तुकडे शिवायची, पहाटे उठून पुन्हा ह्यांच्याबरोबर जायची. कॅन्टीनवाली पाइपचं दुसरं टोक धरायला यायची, आणि चहा न मागता मिळायचा. मी पहिल्या दिवशी खारट म्हटलं, हे धुवायला लागले. दुसऱ्या दिवशी खारट म्हटलं, हे पुन्हा धुवायला लागले. ह्यांचे गुडघे सुजले. रात्री तेल लावताना मी विचारलं, "राग येतो का माझा?" तर म्हणाले, "येतो." मला ते ऐकून बरं वाटलं.

पाच धुण्यांनंतर पहिला फाटा कोरा निघाला. मग दुसरा, मग तिसरा. तिन्ही बसवून झाले. चौथा राहिला होता आणि गुरुवार उजाडला होता. त्या दिवशी गोंद लागला तरच शनिवारपर्यंत तो नीट धरणार होता. पुन्हा धुतलं तर वाळायला एक ऊन, धरायला आणखी दोन, म्हणजे शनिवार हातचा जाणार आणि त्याबरोबर ह्यांचं तीस वर्षांचं नाव. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ह्यांनी गोंदाचा डबा उघडून ठेवला होता. गोंद पसरायची दातेरी पत्री पुसून शेजारी ठेवली होती.

मी एकेक फळी बघत गेले. पहिली कोरी, दुसरी कोरी, दहावी कोरी. हे माझ्यामागे चालत होते. कॅन्टीनवाली टपरीतून बाहेर येऊन उभी होती, हातात फडकं तसंच. शेवटच्या तीन फळ्यांशी मी बसले, जिथं लाट उडते तिथं. बोट ओलं केलं, घासलं, तोंडात घातलं.

होतं. अगदी पुसट, जिभेच्या टोकाला, आलं आणि गेलं. दुसऱ्या कुणाला लागलंही नसतं. मी बोट धुऊन पुन्हा बघितलं. पुन्हा तेच.

"काय?" हे म्हणाले.

मी वर बघितलं. ह्यांनी तसाच श्वास धरला होता, खांदे तसेच वर आले होते. तो चेहरा मी आता पहिल्यांदा समोरून बघत होते, आणि ती बाई काय म्हणत होती ते मला कळलं. तिकडून, टपरीपाशी उभी राहून, ती मला मानेनं खुणावत होती, नाही म्हणा, नाही म्हणा. तीनच तर फळ्या. नाही म्हटलं असतं तर हे हसले असते. मला त्यांना हसवायचं होतं. देवाशपथ, मला नाही म्हणायचं होतं.

"आहे," मी म्हटलं.

"किती?"

"थोडं. पण आहे."

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता चिडतील, डबा लाथाडतील, काहीतरी बोलतील. ह्यांनी वाकून गोंदाच्या डब्याचं झाकण लावलं, तळहातानं दाबून घट्ट केलं.

"बरं," हे म्हणाले, आणि पाइप आणायला गेले.